रिकाम्या पारड्यांचे चित्र

डेल्फ्टचा चित्रकार योहानेस व्हर्मीर (१६३२–१६७५) याचे ‘तराजू धरलेली स्त्री’ हे चित्र १६६४च्या सुमाराचे असून ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. उंची जेमतेम ४० सेंटिमीटर. डावीकडून झिरपणारा मंद उजेड, टेबलावर उघडी पेटी, मोत्यांचे सर आणि काही नाणी. निळे, पांढऱ्या फरच्या काठाचे जाकीट घातलेली स्त्री हातातला तराजू स्थिर होण्याची वाट पाहते आहे. तिच्यामागे भिंतीवर ख्रिस्ताच्या ‘अंतिम न्याया’चे चित्र आहे.

नाणी तोलणे हा त्या काळच्या व्यवहाराचा भागच होता. डच प्रजासत्ताकात अनेक टांकसाळींची नाणी चालत आणि त्यांच्या कडा कातरून सोने-चांदी काढली जाई; म्हणून छापापेक्षा वजनावर भिस्त असे. १६९६मध्ये ॲम्स्टरडॅमच्या लिलावात हे चित्र १५५ गिल्डरना गेले, तेव्हा यादीत ‘सोने तोलणारी तरुणी’ अशीच नोंद होती. पुढे काहींना पारड्यात मोती दिसले. समोर ऐहिक धन, मागे अंतिम न्याय. तेव्हा चित्र लोभाविरुद्धचा इशारा ठरले.

विसाव्या शतकात पारडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली आणि ती रिकामी निघाली. ज्याला सोने किंवा मोती समजले जात होते, ती धातूवरची चमक होती. मग तोलायचे ते काय, याचा विचार नव्याने सुरू झाला. व्हर्मीरची सासुरवाडी कॅथलिक होती आणि शेजारीच जेझुइट या कॅथलिक पंथाचे प्रार्थनास्थळ होते. निर्णय घेताना मन तराजूच्या काट्यासारखे समतोल असावे, असे त्या पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला सांगतो. त्यामुळे अनेक अभ्यासक या चित्रात आत्मपरीक्षण आणि संयम पाहतात. भिंतीवर एक आरसाही आहे; तो मग मिरवण्यापेक्षा स्वतःला पारखण्याचा ठरतो. स्त्री गर्भवती असून तिच्यात मेरीची छाया आहे, असेही मत आहे. पण त्या काळच्या फुगीर घागऱ्यांमुळे शरीराचा आकार हा पक्का पुरावा होत नाही.

चित्रातली शांतता मात्र रचनेतून सिद्ध होते. दृश्यरेषा तिच्या बोटांपाशी एकवटतात. मागच्या चित्राच्या चौकटीची खालची कड तिच्या पाठीमागे खाली, तर समोर जरा वर आहे. या फेरफारामुळे तराजूला मोकळी भिंत मिळते आणि नजर त्याच्यावरच ठरते. ती स्त्री मागच्या चित्राकडे किंवा दागिन्यांकडे पाहत नाही. तिचे सारे लक्ष तराजूवर आहे. म्हणूनच निव्वळ इशाऱ्याचा अर्थ तिच्या चेहऱ्यावरच्या निश्चिंतपणाशी जुळत नाही.