ठेका कोणाचा?

ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ज्यांची छायाचित्रे असतात त्यांनीच आतील वाद्ये वाजविली असणार, असे ऐकणारा गृहीत धरतो. त्याने तसे का धरू नये? पैसे मोजून आणलेल्या वस्तूवर जे छापलेले आहे त्यावर विश्वास ठेवण्याचा ग्राहकाला हक्कच आहे. परंतु इंग्लंड-अमेरिकेतील १९६० नंतरच्या दहा वर्षांच्या लोकप्रिय संगीताची कागदपत्रे आणि मूळ फिती जसजशा उजेडात आल्या, तसतसा या विश्वासाला तडा जात गेला. विशेषतः ड्रमच्या बाबतीत. बॅंडमधील गाणारे तेच राहत. परंतु ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ड्रमपाशी पुष्कळदा एखादा तिऱ्हाईत बसलेला असे. हा तिऱ्हाईत म्हणजे त्या बैठकीपुरता बोलावलेला, ठरलेल्या दराने मेहनताना घेऊन घरी जाणारा स्टुडिओतील व्यावसायिक वादक. बॅंडचा स्वतःचा ड्रमवादक त्या वेळी कोठे होता आणि त्याला बाजूला का सारण्यात आले, याचा थोडा शोध येथे घ्यावयाचा आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. साथीदाराचे मोल काय, हा प्रश्न तबला-पेटीच्या संगतीत वाढलेल्या घरांना परका वाटू नये, एवढेच आमचे उत्तर.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध घटना लंडनमध्ये १९६२ साली घडली. लिव्हरपूलचा ‘बीटल्स’ हा बॅंड ६ जून रोजी ॲबी रोडवरील ई.एम.आय. कंपनीच्या स्टुडिओत प्रथमच आला. ड्रमवर त्या वेळी पीट बेस्ट हा तरुण होता. त्या दिवशी ‘लव्ह मी डू’ धरून चार गाणी मुद्रित झाली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना बेस्टचा ठेका पसंत पडला नाही. बॅंडने कार्यक्रमांत कोणालाही बसवावे, मुद्रणासाठी मात्र आपण आपला वादक आणू, असे त्यांनी व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांना कळविले. ही जूनमधील फीत १९९५ साली ‘ॲंथॉलॉजी’ या संग्रहात प्रसिद्ध झाली, तेव्हा लोकांना स्वतःच्या कानांनी निवाडा करता आला. गाण्याच्या मधल्या भागात ठेक्याची चाल बदलते आणि लय डगमगते. मार्टिन यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता, असे ती ऐकल्यावर म्हणावे लागते. १६ ऑगस्ट रोजी बेस्टला बॅंडमधून काढण्यात आले व त्याच्या जागी रिचर्ड स्टार्की, म्हणजेच रिंगो स्टार, आला. लिव्हरपूलच्याच ‘रोरी स्टॉर्म अँड द हरिकेन्स’ या बॅंडमध्ये मुरलेला हा वादक. बेस्टच्या जागी रिंगो आल्यावर प्रश्न सुटावयास हवा होता.

तो सुटला नाही. ४ सप्टेंबरला रिंगोने ‘लव्ह मी डू’ वाजविले. बऱ्याच आवृत्त्यांनंतर एक बरी म्हणून ठेवण्यात आली. तरीही समाधान झाले नाही म्हणून ११ सप्टेंबरला पुन्हा बैठक ठरली. त्या दिवशी रिंगो आत येऊन पाहतो तो ड्रमवर अँडी व्हाईट नावाचे बत्तीस वर्षांचे स्कॉटिश गृहस्थ बसलेले. मार्टिन यांचे साहाय्यक रॉन रिचर्ड्स यांनी त्यांना बोलावून ठेवले होते. रिंगोच्या हाती ‘लव्ह मी डू’साठी खंजिरी आली, तर दुसऱ्या गाण्यासाठी माराकास, म्हणजे दाणे भरलेले खुळखुळे. बॅंडमध्ये येऊन महिनाही धड झाला नव्हता आणि आपलीही गत बेस्टसारखीच होणार, या शंकेने तो हादरून गेला. त्याने हे पुढे अनेकदा बोलून दाखविले. मार्टिन यांनी या प्रसंगाबद्दल आपली क्षमा मागितली, हेही त्यानेच सांगून ठेवले आहे.

आता यात अन्याय झाला की नाही? आमचे मत असे की, व्यक्तीवर झाला, पण निर्णयामागील कारणे समजून घेतल्याखेरीज मार्टिन यांना दोष देणे बरोबर होणार नाही. त्या काळी तीन तासांची एक बैठक धरली जाई आणि तेवढ्यात काही गाणी संपवावी, अशी कंपनीची अपेक्षा असे. मुद्रणयंत्रावर दोनच मार्गिका. सर्वांनी एकदम वाजवावयाचे व गावयाचे. एकाचा हात चुकला की सर्वांची मेहनत वाया. शिवाय सभागृहातील ड्रमवादन आणि स्टुडिओतील ड्रमवादन या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. लिव्हरपूलच्या तळघरांत किंवा हॅम्बुर्गच्या मद्यगृहांत गोंगाटावर मात करून नाचणाऱ्यांचे पाय हलते ठेवणे हे ड्रमवादकाचे काम. तेथे लय थोडी चढली तर रंग भरतो. ध्वनिक्षेपकासमोर तीच गोष्ट दोष ठरते. तेथे प्रत्येक आघाताचे वजन सारखे हवे, झांजेचा आवाज गाण्यावर पसरता कामा नये आणि पायाने वाजवावयाचा मोठा ड्रम बास गिटारच्या स्वराशी तंतोतंत जुळावा लागतो. तो जुळला नाही तर तबकडीवर नुसती गुरगुर ऐकू येते. मैफलीत टाळ्या घेणारा तबलजी आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणात कधी कधी अवघडून जातो, हे रसिकांनी पाहिले आहेच. व्हाईट यांच्यासारख्या वादकांनी वर्षानुवर्षे हेच केले होते. स्वरलेखन पुढे ठेवावे, एकदा नजर फिरवावी आणि दुसऱ्या वेळी बिनचूक वाजवावे, हा त्यांचा रोजचा शिरस्ता.

गंमत पुढेच आहे. ५ ऑक्टोबर १९६२ रोजी जी तबकडी बाजारात आली तिच्यावर रिंगोने वाजविलेलेच मुद्रण होते! मार्च १९६३ मध्ये निघालेल्या मोठ्या तबकडीवर मात्र व्हाईट यांचे मुद्रण घेण्यात आले आणि छोट्या तबकडीच्या पुढील आवृत्त्यांवरही तेच आले. म्हणजे ज्या कारणासाठी एवढा खटाटोप केला, ते कारण कंपनीलाही फारसे महत्त्वाचे वाटले नसावे. ब्रिटनमध्ये गाणे सतराव्या क्रमांकापर्यंत चढले, तेही रिंगोच्या ठेक्यावर.

हा प्रकार एकट्या बीटल्सचा असता तर अपवाद म्हणून सोडून देता आला असता. १९६४ साली ‘किंक्स’ या लंडनच्या बॅंडचे ‘यू रिअली गॉट मी’ गाजले. त्यावर ड्रम वाजविणारे बॉबी ग्रॅहम हे स्टुडिओतील वादक. बॅंडचा नवा ड्रमवादक मिक एव्हरी याच्या हाती काय दिले असेल? खंजिरीच! बाजूला सारलेल्या ड्रमवादकाची समजूत खंजिरीने घालावी, असा लंडनमध्ये अलिखित नियमच होता की काय, अशी शंका येते.

अमेरिकेत लॉस एंजल्स शहरी तर या व्यवस्थेला कारखान्याचे रूप आले होते. हॅल ब्लेन आणि अर्ल पामर हे तेथील दोन अग्रगण्य ड्रमवादक. पामर मूळचे न्यू ऑर्लीन्सचे. लिटल रिचर्डच्या १९५५ सालच्या ‘टुटी फ्रुटी’वर त्यांचाच ठेका आहे. ब्लेन सकाळी एका स्टुडिओत, दुपारी दुसऱ्या, रात्री तिसऱ्या, असे राबत. १९६५ च्या जानेवारीत ‘बर्ड्स’ या नवख्या बॅंडचे ‘मिस्टर टॅंबुरीन मॅन’ मुद्रित झाले, तेव्हा त्या पाच जणांपैकी फक्त रॉजर मॅग्विन याला वाद्य वाजवू दिले गेले. ड्रमवर ब्लेन बसले. गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. निर्मात्याची दक्षता फळाला आली, असे कोणी म्हणेल. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस ‘टर्न! टर्न! टर्न!’ या गाण्यावर बॅंडने स्वतःच वाद्ये वाजविली, ड्रमवर त्यांचाच मायकेल क्लार्क होता, आणि तेही पहिल्या क्रमांकावर गेले. वर्षभरापूर्वी जो अपुरा ठरला तोच पुरेसा निघाला. त्याला शिकावयास अवकाश मिळाला, एवढाच काय तो फरक.

‘बीच बॉइज’ची हकीकत निराळी आहे. तेथे अविश्वासाचा भाग कमी. डेनिस विल्सन याने आधीच्या गाण्यांवर ड्रम वाजविले होतेच. त्याचा वडील बंधू ब्रायन याने १९६५ पासून दौरे सोडले आणि तो घरी राहून रचना करू लागला. १९६६ च्या आरंभी बाकीचे जपानच्या दौऱ्यावर असताना ब्रायनने ‘पेट साउंड्स’चे वाद्यसंगीत ब्लेन प्रभृतींकडून वाजवून घेतले, भाऊबंद परतल्यावर त्यांनी त्यावर गायन केले. ब्रायनच्या डोक्यातील संगीताला सायकलची घंटा, फ्रेंच हॉर्न, तंतुवाद्ये असे काय काय लागत होते. चारपाच जणांच्या बॅंडच्या आवाक्यातले ते नव्हतेच. दौरा एकाने सांभाळावा, स्टुडिओ दुसऱ्याने, अशी ती श्रमविभागणी होती आणि ‘पेट साउंड्स’ ऐकून तिच्याविरुद्ध तक्रार करणे कठीण आहे. दूरचित्रवाणीसाठी जमविलेल्या ‘मंकीज’ या चौकडीचे तर विचारूच नका! तेथील मिकी डोलेन्झ हा नट, नेमणूक झाल्यावर ड्रम शिकला. पुढे १९६७ मध्ये भांडून त्या चौघांनी ‘हेडक्वार्टर्स’ ही तबकडी स्वतः वाजविण्याचा हक्क मिळविला, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदविली पाहिजे.

खरी खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. यांपैकी बहुतेक तबकड्यांवर प्रत्यक्ष वाजविणाऱ्याचे नाव नव्हते. सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना याचे फार नवल वाटू नये. तेथे टिप्पणी एकाची, मसुदा दुसऱ्याचा, सही तिसऱ्याची, आणि वर्तमानपत्रात नाव येते ते चौथ्याचेच. पण कलेच्या क्षेत्रात या मौनाने दोघांचेही नुकसान केले. बोलावलेल्या वादकाला बैठकीचा मेहनताना मिळे. लाखो प्रती खपल्या तरी त्यात त्याचा वाटा नसे. (बॅंडचा वाटाही प्रारंभी काही डोळे दिपविणारा नव्हता: बीटल्सच्या पहिल्या करारात तबकडीमागे एक पेनी होती, तीही वाटून घ्यावयाची.) डेट्रॉइटच्या ‘मोटाउन’ कंपनीत बेनी बेंजामिन यांच्यासारख्या ड्रमवादकाने एकामागून एक गाजलेल्या गाण्यांना ठेका दिला आणि १९६९ साली ते वारले. तेथील वादकांची नावे वेष्टनावर छापली गेली ती मार्व्हिन गे यांच्या १९७१ सालच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. बेंजामिन यांना ते पाहावयास मिळाले नाही.

आणि बॅंडच्या वादकाचे नुकसान? त्याच्यावर कायमचा संशय. एकदा व्हाईट बसले होते, हे कळल्यावर रिंगोने कोणते गाणे खरोखर वाजविले, याविषयी वाटेल त्या वदंता उठल्या. बर्नार्ड पर्डी या नामांकित अमेरिकन वादकाने तर बीटल्सच्या कित्येक मुद्रणांवर आपणच ड्रम चढविल्याचे सांगितले. त्याला पुरावा मिळालेला नाही. याउलट मार्क लुइसन यांनी मूळ फिती ऐकून १९८८ साली मुद्रणांची दिनवार नोंद प्रसिद्ध केली. रिंगोच्या चुकीमुळे वादन थांबवावे लागल्याचे प्रसंग त्यांना फारच थोडे आढळले. रिंगो मूळचा डावखुरा, पण उजव्या हाताच्या वादकासाठी मांडलेल्या संचावर वाजवी. त्यामुळे त्याच्या भरीच्या तुकड्यांना अनपेक्षित वळण येते. १९६६ चे ‘रेन’ किंवा १९६७ चे ‘अ डे इन द लाइफ’ लक्षपूर्वक ऐकावे. दुसऱ्या कोणाही वादकाने अधिक सफाईने वाजविले असते, पण हे वाजविले नसते. १९६८ च्या ऑगस्टमध्ये तो रुसून निघून गेला, तेव्हा ‘बॅक इन द यू.एस.एस.आर.’वर पॉल मॅकार्टनीने मुख्यतः ड्रम सांभाळले. काम भागले. परंतु तो परतल्यावर त्याचा ड्रमसंच फुलांनी सजविलेला होता, यात सारे आले.

आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतात हा झगडा उभा राहिला नाही, कारण तेथे बॅंडच्या नावावर तबकडी निघतच नसे. सर्वच वादक बोलावलेले. पण दोन्ही विद्या एकाच हातात असलेली माणसे तेथे होती. गोव्याच्या पॅरिश शाळांतून स्वरलेखन शिकून आलेले वादक रात्री हॉटेलात नृत्याच्या बॅंडमध्ये वाजवीत आणि दिवसा स्टुडिओत. हळदोण्याचे आंतोनियो वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, ताजमहाल हॉटेलात ट्रंपेट वाजवीत आणि आपल्या सी. रामचंद्रांनाही साथ करीत. ठेक्याच्या प्रांतात कावस लॉर्ड व त्यांचे पुत्र केर्सी आणि बुजी, तसेच गोमंतकातून आलेले दत्ताराम वाडकर हे अग्रभागी. शंकर-जयकिशन यांचे साहाय्यक म्हणून दत्तारामांचे नाव श्रेयनामावलीत तरी येई आणि ढोलकीवरील एक चाल ‘दत्ताराम ठेका’ म्हणून रूढ झाली. हे भाग्य फार थोड्यांचे. त्याच मुद्रणांतील पन्नास-पन्नास वादकांची नावे पडद्यावर कधी उमटली नाहीत.

पश्चिमेत उशिरा का होईना, हिशेब थोडा चुकता झाला. २००० साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने साथीदारांसाठी वेगळा विभाग काढला आणि पहिल्याच वर्षी ब्लेन व पामर यांना त्यात स्थान दिले. अँडी व्हाईट पुढे अमेरिकेत न्यू जर्सीला स्थायिक झाले व स्कॉटिश पाइप-बॅंडचे ड्रमवादन शिकवीत राहिले. २०१५ साली ते निवर्तले. रिंगोच्या ४ सप्टेंबरच्या मुद्रणाची मूळ फीत टिकली नाही. पुढे ते पुन्हा प्रसिद्ध करावयाचे ठरले, तेव्हा जुन्या तबकडीवरून उतरवून घ्यावे लागले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ निघाले, त्याच्या दुसऱ्या बाजूस एकसष्ट वर्षांपूर्वीचे हेच मुद्रण ठेवलेले होते. ज्यांच्या घरी ‘लव्ह मी डू’ असेल त्यांना आपल्याकडे कोणते मुद्रण आहे हे सहज ओळखता येईल. खंजिरी ऐकू आली नाही तर ड्रमवर रिंगो आहे. ऐकू आली तर ड्रमवर व्हाईट, आणि ती खंजिरी रिंगोची.