उंदराचे स्मरण कसे मोजावे?

उंदराला "आठवते का?" असे विचारण्याची सोय नाही. तो धावेल, थबकेल वा वाट चुकेल. त्यावरूनच त्याच्या स्मरणाचा अदमास घ्यावयाचा. अमेरिकेतील विलर्ड स्मॉल यांनी इंग्लंडातल्या हॅम्प्टन कोर्टच्या भुलभुलैयाची नक्कल करून तीत उंदीर सोडले. हे प्रयोग १९०१ साली प्रसिद्ध झाले, आणि ही परीक्षा रूढ झाली.

१९१७ मध्ये कार्ल लॅशली यांनी उंदरांना अल्प मात्रेत स्ट्रिक्नीन दिले, तो ते वाट लवकर शिकले. स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या बीतील जहर. मात्रा वाढली की आचके देऊन मारणारे. पण शंका अशी, की जहराने मज्जातंतू चेतवले म्हणून उंदीर नुसता सावध झाला नसेल कशावरून? चहा पिऊन रात्र जागविणाऱ्या विद्यार्थ्याचे पाठांतर वाढते की केवळ जागरण, तसाच हा पेच.

तो सुटला औषध टोचण्याची वेळ बदलल्याने. धडा संपला तरी त्याचा ठसा पक्का होण्यास काही काळ लागतो, असे जर्मनीतील म्यूलर व पिल्झेकर यांनी १९०० सालीच मांडले होते. १९६१ मध्ये ब्रीन व जेम्स मॅकगॉ यांनी औषध धड्यापूर्वी न देता धड्यानंतर दिले. तेही एक विषच, काकमारीच्या फळांतले पिक्रोटॉक्सिन! शिकताना अंगात औषध नाही. पुढच्या परीक्षेच्या वेळी त्याचा अंमल ओसरलेला. तरीही उंदीर अधिक चांगले शिकले. या साऱ्या इतिहासात मला कोणत्याही औषधापेक्षा ही घड्याळाची युक्तीच मोठी वाटते.

आता ब्राह्मी. आपल्याकडे पुष्कळ जण जिला ब्राह्मी म्हणतात, ती गोल पानांची वेल म्हणजे चरकाने मेध्य रसायनांत सांगितलेली मंडूकपर्णी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत सिंह व धवन यांनी तपासली ती पाणथळीतली नीरब्राह्मी. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत तिचा अर्क दर किलो वजनास ४० मिलिग्रॅम याप्रमाणे तीन वा अधिक दिवस उंदरांच्या पोटात दिला. ते लवकर शिकले आणि शिकलेले अधिक टिकले. मात्र रोज पोटात जाणाऱ्या औषधाचा धड्यापूर्वीचा व नंतरचा परिणाम वेगळा काढणे टोचण्याइतके सोपे नाही.

२००१ मध्ये ऑस्ट्रेलियात निरोगी माणसांना हीच वनस्पती रोज ३०० मिलिग्रॅम दिली, तेव्हा सर्वांत ठळक परिणाम बारा आठवड्यांनी दिसला. शिकण्याचा वेग वाढला होता. पण त्याबरोबर त्यांच्या मनाची चिंताही कमी झाली होती. तेव्हा यांतले स्मरण किती आणि स्वस्थता किती, ही लॅशलींच्या वेळची शंका पुन्हा पुढे आलीच.