कडू कोको गोड कसा झाला?

‘डॉक्टर, डार्क चॉकलेट हृदयाला चांगलं असतं ना?’ मधुमेहाचे रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तरासाठी आधी थोडा इतिहास पाहूया.

कोकोचं झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातलं. इक्वेडोरमध्ये सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत कोकोचे अंश सापडले आहेत. पुढे मध्य अमेरिकेतले माया आणि ॲझ्टेक लोक कोकोच्या बिया भाजून, वाटून, कधी मिरची घालून फेसाळ पेय करत. त्यात उसाची साखर नसे, कारण तेव्हा त्या खंडात ऊसच नव्हता!

कोकोचं फळ फणसासारखं थेट खोडाला लागतं. आत पांढऱ्या गरात साधारण ३० ते ४० बिया असतात. गरासकट त्या काही दिवस आंबवतात, वाळवतात आणि मग भाजतात. आंबवल्याशिवाय चॉकलेटची चव येत नाही. झाडाला ऊब, पाऊस आणि सावली लागते. म्हणून केरळ, कर्नाटक, आंध्रमध्ये ते नारळ-सुपारीच्या बागांत लावतात. मात्र जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो.

स्पॅनिश लोकांनी १६व्या शतकात कोको युरोपात नेला आणि तिथे त्यात साखर पडू लागली. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांनी बियांतलं कोको बटर दाबून काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. १८४७ मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीने कोको, साखर आणि कोको बटर एकत्र करून चॉकलेटची वडी बनवली. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटर यांनी त्यात दूध घातलं.

म्हणजे चॉकलेट जसजसं लोकप्रिय झालं, तसतसा त्यातला कोको कमी आणि साखर जास्त होत गेली. रक्तवाहिन्यांना थोडीफार मदत करणारी फ्लॅव्हॅनॉल ही द्रव्यं कोकोत असतात, साखरेत नव्हे. त्यातलीही बरीचशी आंबवताना, भाजताना आणि कडूपणा घालवण्यासाठी क्षार वापरताना कमी होतात.

म्हणून चॉकलेट घेताना वेष्टनावरची घटकांची यादी वाचा. जो घटक सर्वांत जास्त, त्याचं नाव पहिलं असतं. पहिलं नाव साखरेचं असेल, तर ती मिठाईच समजा आणि पेढ्याइतकाच विचार करून खा. डार्क चॉकलेटमध्येही साखर आणि स्निग्धांश असतातच. आवडतं म्हणून एखादा छोटा तुकडा ठीक आहे, पण औषध म्हणून खाऊ नका आणि त्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी तर मुळीच बंद करू नका.