शिशाचा खिळा आणि संगणकाची किल्ली

छापखान्याच्या धंद्यांत मालकी कशाला म्हणावें हा प्रश्न मुंबईंत फार दिवस सोपा होता. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला; तेथील देवनागरी खिळ्यांचा लौकिक दूरवर पसरला. खिळे एकदां विकत घेतले कीं ते घेणाऱ्याचे. छपाईचें यंत्र मोडीत निघालें तरी केसींतले खिळे नव्या यंत्रावर चढत; झिजले तर वितळवून पुन्हां ओतावे. परवानगी कोणाची मागावयाची?

बरोबर शंभर वर्षांनीं, १९६९ सालीं, अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें संगणक व त्याच्या आज्ञावल्या यांची किंमत निराळी आकारण्याचें जाहीर केलें. तेव्हांपासून आज्ञावली ही स्वतंत्र विक्रीची जिन्नस झाली. मात्र गिऱ्हाइकाच्या पदरांत पडे ती केवळ वापरण्याची मुभा.

विसाव्या शतकाच्या अखेरीस गिरगांव-दादरच्या छापखान्यांत खिळे जाऊन संगणक आले, तेव्हां ही मुभा डोळ्यांना दिसूं लागली. मराठी अक्षरजुळणीच्या आज्ञावलीबरोबर 'डोंगल' नांवाची बोटभर किल्ली येई. ती संगणकामागील प्रिंटरच्या खांचेंत खोंवल्यावांचून अक्षर उमटत नसे. नक्कल करणें इतकें सोपें असतां निर्मात्यानें कुलूप घातलें, यांत मला गैर दिसत नाहीं. शिवाय ही किल्ली एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर लावतां येई. पण पुढें नव्या संगणकांना ती खांचच राहिली नाहीं! निर्मात्यानें किल्ली बदलून दिली तर ठीक. एरवीं रीतसर घेतलेला परवाना निरुपयोगी.

लॅमिंग्टन रोडच्या बाजारांतील गिऱ्हाइकाची अडचण निराळी. यंत्राबरोबर स्वस्तांत मिळणारा विंडोजचा 'ओ. ई. एम.' परवाना त्या यंत्राशींच बांधलेला असतो. स्मृति वाढविली तर हरकत नाहीं. मदरबोर्ड हौसेनें बदलला कीं यंत्र नवें ठरतें आणि परवाना संपतो. स्वतंत्र पेटींतला महाग परवाना मात्र जुन्यावरून काढून नव्यावर नेतां येतो. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून यंत्राचे भाग ओळखून ही पडताळणी होऊं लागली.

छापखान्यांचें खरें नुकसान मजकुराचें झालें. प्रत्येक आज्ञावलीचे अक्षरसंकेत निराळे. एकींत जुळविलेलें पुस्तक दुसरींत उघडावें तर नुसता गोंधळ. १९९१ च्या युनिकोडमध्यें देवनागरीला सर्वसामान्य संकेत मिळाले, परंतु ते छापखान्यांत रुळण्यास पुष्कळ वर्षें गेलीं. जुनीं पुस्तकें त्यांत उतरवून घेतां येतात. मग जोडाक्षरें व रफार तपासावयास मुद्रितशोधकाला पुन्हां पहिल्या पानापासून बसावें लागतें.