नऊ सुया आणि बाळबोध लिपि

बँकेंत पासबुक भरावयास गेल्यावर खिडकीआडून जो करकर आवाज येतो, तो आम्हां कोपर-डोंबिवलीकडील मंडळींच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्या आवाजाचा इतिहास आपल्या लिपीवरील एका जुन्या संकटाशीं जोडलेला आहे.

छापखान्यांत मराठीस कानामात्रा व जोडाक्षरें मिळून शेंकडों खिळे लागत. टंकलेखनयंत्रावर इतक्या कळा बसविणें अशक्य. तेव्हां लिपीच आटोपशीर करावी, हा विचार बळावला. 'इ'च्या जागीं 'अि' लिहावी, ही स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं पुरस्कारिलेली सुधारणा त्याच विचारांतली.

इ. स. १९८० मध्यें जपानच्या एप्सन कंपनीनें 'एमएक्स-८०' हें मुद्रकयंत्र काढलें. घरगुती संगणकाशेजारीं मेजावर मावणारें हें यंत्र सेकंदास ८० अक्षरें छापी. त्याच्या शिरांत ९ सुया एकाखालीं एक बसविलेल्या असत. शिर कागदावरून आडवें सरकतांना सुई शाईच्या फितीवर आपटे व ठिपका उमटे. अशा ठिपक्यांचें अक्षर होई. यंत्रास मुळांत रोमन अक्षरेंच ठाऊक होतीं. परंतु पुढें या जातीच्या यंत्रांस ठिपक्यांनीं चित्रें काढण्याची सोय मिळाली. जें यंत्र चित्र काढतें, त्यास 'क्ष' काढावयास अडचण कसली? मात्र वर वेलांटी व खालीं उकार ९ ठिपक्यांच्या उंचींत नीट मावत नसे. सुबक छपाईसाठीं एका ओळीवरून शिर पुन्हां फिरवावें लागे.

उरला प्रश्न संगणकास लिपि शिकविण्याचा. कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें आरंभलेलें 'जिस्ट' तंत्र, १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेंत वाढीस लागलें. संगणकांत एक कार्ड बसवावें, कळफलकावर केवळ वर्ण दाबावे, जोडाक्षर यंत्रानें घडवावें, अशी त्याची रीत. १९९१ सालीं 'इस्की' ही संकेतावलि भारतीय मानक ठरली. तींत अक्षराचा आकार सांठवीत नाहींत, वर्ण सांठवितात. 'क्ष' म्हणजे क, हलन्त व ष. वर्गांत फळ्यावर आम्ही शिक्षक जी फोड करून दाखवीत होतों, तीच ही.

लिपिसुधारकांचा हेतु शुद्ध होता व त्यांच्यापुढील अडचणही खरी होती. तरी यंत्राच्या सोयीसाठीं अक्षर सोडण्यापूर्वीं थोडें थांबावें, हाच यांतील बोध. यंत्र दहा-वीस वर्षांत भंगारांत जातें. पण हातांतून गेलेलें अक्षर पुन्हां मुलांच्या पाटीवर आणणें फार कठीण.