नदीवरचे राज्य : जलवाहतुकीच्या कायद्याची शंभर वर्षे

रस्ता माणूस बांधतो. नदी त्याला आयती मिळते. म्हणूनच की काय, रस्त्याची मालकी कोणाची हा प्रश्न आपणांस चटकन सुचतो, नदीच्या बाबतीत मात्र तो सुचावयास शतके लागली. ज्यांनी रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट पाहिली असेल, किंवा कोकणातील एखाद्या खाडीवर तरीवाल्याला हाका घातल्या असतील, त्यांना या प्रवासात कायदा म्हणून काही असतो याची जाणीव क्वचितच झाली असेल. तथापि पाण्यावरच्या या वाहतुकीला स्वतःचा असा एक कायदेशीर इतिहास आहे. त्याची उलटसुलट वळणे पाहणे हा या लेखाचा हेतू होय.

इंग्रजी अमलाच्या प्रारंभी सरकारचे लक्ष नदीवर नव्हते, उतारावर होते. मुंबई इलाख्यात १८६८ साली तरी व अंतर्देशीय नौका यांविषयीचा कायदा झाला. उत्तरेकडील प्रांतांसाठी १८७८ साली तसाच दुसरा कायदा आला. सार्वजनिक तर कोणती हे सरकारने ठरवावे, तिचा मक्ता द्यावा, उतारूंकडून घ्यावयाचे दर बांधून द्यावेत, असे त्या कायद्यांचे स्वरूप होते. बेळगाव जिल्ह्यातील कृष्णाकाठापासून रत्नागिरीच्या खाड्यांपर्यंत हाच मुंबई कायदा चाले. त्यांत महसुलाची दृष्टी ठळक होती. नाव बुडू नये, ही काळजी त्या मानाने दुय्यम होती.

ही दृष्टी वाफेने बदलली. गंगेवर १८३४च्या सुमारास कलकत्ता ते अलाहाबाद अशा सरकारी आगबोटी सुरू झाल्या. पुढे खाजगी कंपन्या उतरल्या आणि गंगा-ब्रह्मपुत्रेचे पात्र हा बंगाल-आसामच्या व्यापाराचा राजमार्ग बनला. होडी उलटली तर दहा माणसे बुडतात. बॉयलर फुटला तर शेकडो. म्हणून १८८४ साली अंतर्देशीय आगबोटींचा कायदा झाला आणि १९१७च्या पहिल्या क्रमांकाच्या कायद्याने तो नव्याने, अधिक व्यवस्थित मांडला गेला. आगबोटीची तपासणी, नोंदणी, तिच्यावर किती उतारू घ्यावेत याची मर्यादा, अपघाताची चौकशी, आणि ती चालविणारांची परीक्षा या बाबी त्यात आल्या. मास्तर, सारंग, इंजिनवाला यांना योग्यतेचे दाखले देण्याची पद्धत त्यात होती. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर वाढलेल्या सारंगाच्या अनुभवाला सरकारी कागदाचा आधार मिळाला, ही त्या कायद्याची एक लक्षणीय बाजू होय.

परंतु या कायद्याची मूळ कल्पना नीट पाहावी. त्याने इंजिनाकडे पाहिले, नदीकडे नव्हे. वल्ह्याची होडी, शिडाचा पडाव, बांबूने रेटलेली नाव ही सारी त्याच्या कक्षेबाहेर राहिली. पुढील दुरुस्त्यांत नावातून वाफ गळाली आणि यंत्रचालित नौका हा व्यापक शब्द आला. तरीही पात्राची खोली राखणे, गाळ काढणे, दिवे लावणे, धक्के बांधणे ही कामे कोणाची, हे त्यातून ठरत नव्हते. दरम्यान आगगाडी आली. गंगेच्या काठाकाठाने लोहमार्ग पसरला आणि माल पाण्यावरून रुळावर गेला. १९४७च्या फाळणीने आसाम व कलकत्ता यांमधील जुना जलमार्ग परक्या राष्ट्रातून जाऊ लागला. १९६५च्या युद्धात तोही बंद पडला. बांगलादेशाच्या जन्मानंतर, १९७२ साली झालेल्या कराराने तो पुन्हा उघडला.

स्वतंत्र भारताच्या घटनाकारांनी या गुंत्याची विभागणी तिन्ही सूच्यांत केली. संसदेने कायद्याने राष्ट्रीय म्हणून घोषित केलेल्या जलमार्गांवरील यंत्रचालित नौकांची वाहतूक संघसूचीत गेली; इतर अंतर्देशीय जलमार्गांवरील यंत्रचालित नौका समवर्ती सूचीत; आणि उरलेले सारे, म्हणजे तरी, अंतर्गत जलमार्ग व त्यांवरील सामान्य रहदारी, राज्यांकडे. एकाच पाण्यावर इंजिनाची बोट चालली तर एक सत्ता आणि वल्ह्याची चालली तर दुसरी, असा हा विलक्षण न्याय होता. जलमार्ग राष्ट्रीय म्हणून घोषित होईपर्यंत केंद्राचा हात त्यावर पूर्णपणे पडत नव्हता, आणि त्या घोषणेस बराच काळ लागला. १९५९ साली गोखले समितीने देशातील जलमार्गांची पाहणी करून अहवाल दिला. त्यानंतरही समित्या होत राहिल्या.

अखेर गंगेवरील अलाहाबाद ते हल्दिया हा १६२० किलोमीटरचा पट्टा पहिला राष्ट्रीय जलमार्ग ठरला. त्याविषयीचा कायदा १९८२चा, पण तो अमलात आला २७ ऑक्टोबर १९८६ रोजी. त्याच दिवशी, १९८५च्या कायद्यान्वये, भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण स्थापन झाले. नदीचे पात्र वाहतुकीयोग्य राखण्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था प्रथमच उभी राहिली. १९८८ साली ब्रह्मपुत्रेचा आणि १९९३ साली केरळातील पश्चिम किनारा कालव्याचा त्यात समावेश झाला. १९८६ हे वर्ष गोमंतकीयांस दुसऱ्या कारणानेही आठवेल. त्याच वर्षी ५ जुलै रोजी मांडवीवरचा पूल कोसळला आणि पणजी-बेती ही तर पुन्हा राजधानीची जीवनवाहिनी झाली. पूल असताना जिला आपण विसरलो होतो, ती नाव त्या पावसाळ्यात कामास आली.

गोव्याच्या नद्यांचा इतिहास निराळ्या वळणाने गेला. १९६१ पर्यंत तेथे पोर्तुगीजांचे कायदे होते. पणजीचे कॅप्टन ऑफ पोर्ट्स हे खाते त्या परंपरेचाच वारसा सांगते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून डिचोली-सांगे भागातील लोहखनिज बार्जमधून मांडवी-जुवारीच्या वाटेने मुरगावास जाऊ लागले. पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी वाळूचा दांडा आड येतो, तेव्हा या बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत. राष्ट्रीय हे विशेषण लागण्यापूर्वीच या नद्या राष्ट्राच्या निर्यातीचे ओझे वाहत होत्या.

२०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने एकाच फटक्यात १०६ नवे जलमार्ग घोषित केले. एकूण संख्या १११ झाली. त्यात मांडवी, जुवारी, कुंभारजुवे, शापोरा, म्हापसा व साळ या गोव्याच्या सहा प्रवाहांचा समावेश आहे. महाराष्ट्रातील आंबा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री याही नद्या आहेत. या जलमार्गांवर संघाने नियंत्रण घेणे लोकहिताचे आहे, असे तो कायदा म्हणतो. मात्र ते नियंत्रण नौकानयनाच्या विकासापुरते आहे, अशी मर्यादाही घालतो. गोव्यात लोकांनी पहिला भाग ऐकला आणि त्यांस दुसऱ्याचा भरवसा वाटला नाही. नद्यांचे राष्ट्रीयीकरण या नावाने तेथे विरोध झाला. त्याचे कारण समजून घेणे अवघड नाही. गाळ उपसला आणि जड नौकांच्या लाटा काठावर आदळल्या, तर खाजनाचे बांध आणि मानशी यांचे काय? जाळे टाकणाऱ्याच्या वाटेचे काय? कायद्याच्या दृष्टीने जो मार्ग, तो काठच्या माणसाच्या दृष्टीने शेत, मीठ आणि मासळी आहे. हा विरोध विकासद्वेष म्हणून निकालात काढणे आम्हांस उचित वाटत नाही.

२०२१ साली १९१७चा कायदा जाऊन नवा अंतर्देशीय नौका कायदा आला. पूर्वी प्रत्येक राज्याचे नियम निराळे. आता नोंदणीचा दाखला देशभर चालावा, नौकांची व नाविकांची मध्यवर्ती नोंद असावी, विमा असावा, प्रदूषणास आळा बसावा अशी योजना झाली. आमच्या मते त्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग तो, ज्याची चर्चा सर्वांत कमी झाली : इंजिन नसलेल्या होड्यांची नोंद जिल्हा, तालुका वा ग्रामपंचायत या पातळीवर करावी, त्यांच्या बांधणीची व सुरक्षिततेची किमान प्रमाणे ठरवावीत, ही तरतूद. शंभर वर्षे ज्या नावाड्याकडे राष्ट्रीय कायद्याने पाहिले नव्हते, त्याच्याकडे तो प्रथमच वळला.

पाहणे आणि पोचणे यांत मात्र अंतर असते. नवा कायदा झाल्यानंतर, ७ मे २०२३ रोजी, केरळात तानूर येथे सहलीची बोट उलटून २२ जण बुडाले. त्यांत मुले पुष्कळ होती. मासेमारीच्या नावेत फेरफार करून ती उतारूंसाठी वापरली होती, आणि तीत माणसे मर्यादेपेक्षा अधिक होती. किती उतारू घ्यावेत हा नियम १९१७तही होता. तेव्हा उणीव कलमाची नव्हती. धक्क्यावर उभे राहून, आणखी एक माणूस चढू देणार नाही, असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याची होती.

२०२३-२४ साली राष्ट्रीय जलमार्गांवरून सुमारे १३ कोटी ३० लाख टन माल गेला. हा आकडा अभिमानास्पद खराच. परंतु जलवाहतुकीच्या कायद्याची कसोटी टनांनी लागावयाची नाही. ज्या गावात पूल नाही, तेथील मूल आषाढाच्या पाण्यातून शाळेस सुखरूप जाते की नाही, आणि नदीविषयी निर्णय घेताना तिच्या काठच्या माणसास विचारले जाते की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येतील त्या दिवशी नदीवर कायद्याचे राज्य आले असे आम्ही म्हणू.