समुद्रापलीकडची नामावळी

आमच्या विष्णुपुरीहून एखादे कुटुंब त्र्यंबकेश्वरी गेले, म्हणजे तेथील तीर्थोपाध्याय प्रथम दोन प्रश्न विचारतात : गाव कोणते आणि आडनाव काय? एवढे कळले की ते आपली जुनी नामावळी काढतात, आणि आपले पणजोबा कोणत्या साली, कोणास बरोबर घेऊन आले होते, हे आपल्यास वाचून दाखवितात. गोदावरीच्या उगमापाशी जपलेल्या त्या वह्यांत गोदाकाठच्या कितीतरी घराण्यांचा इतिहास साठविलेला आहे. परंतु ज्या घराण्याचा मूळ पुरुष जहाजात बसून परमुलखी गेला आणि पुन्हा कधी परतला नाही, त्याच्या वंशजांनी कोणाची वही उघडावी? आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ती मॉरिशसमधील मराठी शेतकऱ्यांची कुटुंबे ह्याच प्रश्नापाशी येऊन ठेपलेली आहेत.

मॉरिशसचे नाव आपल्या घरांत एके काळी रोज घेतले जात असे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसेल. जुन्या पिढीतील बायका पांढऱ्या दाणेदार साखरेस 'मोरस साखर' म्हणत. तो मोरस म्हणजेच मॉरिशस. ही साखर ज्या उसापासून होई, तो उस लावणाऱ्या व तोडणाऱ्या हातांत काही हात मराठी होते.

हे बेट फ्रेंचांनी १७१५ साली घेतले व त्यास 'फ्रान्सचे बेट' असे नाव दिले. १८१० साली इंग्रजांनी ते जिंकले. तथापि फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी, त्यांचे कायदे, भाषा व चालीरीती तशाच राहू दिल्या. राज्य इंग्रजांचे व मळे फ्रेंचांचे, अशी तेथील व्यवस्था होती. १८३५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने रद्द झाली. मळ्यांवर राबावयास माणसे हवी होती, ती हिंदुस्थानातून करारावर आणण्याची पद्धत त्याच सुमारास पडली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलास' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे ह्याच मार्गाने त्या बेटावर गेली. त्यांतील बहुसंख्य बिहारकडील व मद्रासकडील होती. मुंबईहून गेलेल्यांचा वाटा दहांत एकाहूनही कमी होता, आणि ते मुख्यतः रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर ह्या बाजूंचे होते.

मजूर बंदरात उतरला की त्यास एक क्रमांक मिळत असे. १८४९ पासून हे काम पोर्ट लुईच्या आप्रवासी कचेरीत चाले. कारकून मोठ्या नोंदवहीत त्याचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जिल्हा आणि जहाज लिहून घेई. उंची किती, अंगावर कोणती खूण आहे, हेही त्यात असे. महिन्यास पाच रुपयांच्या आसपास वेतन व शिधा असा करार होई. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाई. कराराची मुदत संपली तरी मनुष्य मोकळा होत नसे. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांसही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. तो न आढळल्यास भटक्या ठरवून तुरुंगात घालीत. ह्या जुलमाविरुद्ध १८७१ साली ९,४०१ मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नराकडे गेला. त्या कामी त्यांचा कैवार घेणारा अडोल्फ द प्लेव्हिट्झ हा गृहस्थ पॅरिसमध्येच जन्मलेला होता. मळेवाल्यांचा रोष त्याने पत्करला. परंतु त्या अर्जामुळे पुढे चौकशीचे कमिशन नेमावे लागले.

आता समजा, वाक्वा गावच्या एखाद्या मराठी गृहस्थास आपले कूळ शोधावयाचे आहे. त्याच्या घरात क्रिओल भाषा बोलली जाते. मराठी उरली असेल ती आरतीत व गाण्यांत. त्याने आरंभ कोठून करावा? प्रथम घरातील वडीलधाऱ्या माणसांपासून. त्यांच्याकडून आजोबांच्या जन्माचे किंवा लग्नाचे साल कळले की सरकारी जन्म-मृत्यूच्या दप्तराकडे वळावयाचे. ही नोंदणीची शिस्त तेथे फ्रेंच अमलापासूनची आहे, आणि हिंदी माणसाच्या दाखल्यात पुष्कळदा त्याचा वा त्याच्या आईबापांचा मजूर-क्रमांक लिहिलेला सापडतो. तो क्रमांक घेऊन मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जावे. १९७० साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेत त्या जुन्या नोंदवह्या जतन केल्या आहेत. क्रमांक जुळला, तर पणजोबांचे गाव, बापाचे नाव, जहाज, आणि सुदैव असेल तर त्यांचे छायाचित्रही पाहावयास मिळते.

ह्या वाटेत दोन अडचणी आहेत. पहिली आडनावाची. आपल्याकडे आडनाव पिढ्यान् पिढ्या चालते. तेथील दप्तरात मात्र मूळ पुरुषाचे स्वतःचे नाव हेच पुढील पिढीचे आडनाव होऊन बसले. भिवाजी नावाच्या पुरुषाचा वंश तेथे 'भिवाजी' ह्याच आडनावाने ओळखला जातो. मूळचे आडनाव वहीत लिहिलेच गेले नाही, म्हणून पुष्कळ घरांतून ते पुसून गेले. दुसरी अडचण लग्नाची. हिंदू विधीने झालेले लग्न तेथील कायदा दीर्घ काळ मानीत नसे. त्यामुळे मुलांची नोंद कैक वेळा आईच्याच नावावर झाली. वंशावळ शोधणारा बापाचे नाव धरून बसला, तर अशा ठिकाणी त्याची वाट खुंटते. त्याने आजीचे नाव विचारावयास शिकले पाहिजे. आपल्या नामावळींत लेकीसुनांची नावे विरळा आढळतात. मॉरिशसच्या दप्तरात मात्र अन्यायकारक कायद्यामुळेच काही घराण्यांचा धागा आईच्या नावाने अखंड राहिला आहे.

येथवर आलेला शोधक कोकणात उतरला म्हणजे त्याची खरी परीक्षा होते. कारकुनाने कानांवर पडले तसे गावाचे नाव लिहिलेले असते; त्याच नावाची गावे दोन-तीन तालुक्यांत निघतात. अशा वेळी घरात चालत आलेल्या कुलदैवताचे नाव किंवा ग्रामदेवतेच्या जत्रेचा महिना हीच खूण उपयोगी पडते. कागदाने अर्धी वाट दाखवावी आणि देवघराने उरलेली, असा हा प्रवास आहे.

तरी ह्या कुटुंबांची कथा केवळ हरवलेल्या गावाची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव पडले, तेव्हा अनेक फ्रेंच मळेवाल्यांनी आपल्या मळ्यांच्या कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या. जुन्या मजुरांनी शिलकीत टाकलेल्या पैशांतून त्या विकत घेतल्या. काल जो दुसऱ्याच्या उसात राबत होता, तो आज आपल्या उसाचा मालक झाला. जमीन आली, त्याबरोबर घर आले, देऊळ आले. हेन्रिएटा येथे भिवाजी कुटुंबाने १८९६ साली गणपती बसविला, असे तेथे सांगतात. आज गणेशचतुर्थी ही त्या देशात सार्वजनिक सुट्टी आहे. कोकणातील जाखडी तेथे 'झाकरी' ह्या नावाने अद्याप गाइली जाते. नोंदवहीत न लिहिलेली ही दुसरी वंशावळच होय.

श्रोतेहो, त्र्यंबकेश्वरची नामावळी श्रद्धेने लिहिली गेली. पोर्ट लुईची नोंदवही लिहिली गेली ती पळालेला मजूर पकडता यावा म्हणून. त्यात क्रमांक आधी व मनुष्य मागाहून. ज्या क्रमांकाने पणजोबास मळ्याशी जखडले, तोच क्रमांक आज पणतवास गावाची वाट दाखवितो. म्हणून त्या वहीचे उपकार मानावेत असे मी म्हणणार नाही. कारण अपराध्याने ठेवलेला पुरावा हा त्याचे पुण्य ठरत नाही. परंतु तो पुरावा वाचणारे वंशज निपजले, हे त्या पूर्वजांचे पुण्य खासच. १९८७ साली त्या जुन्या कचेरीच्या जागेस 'आप्रवासी घाट' असे नाव देण्यात आले, आणि २००६ साली तिची गणना जागतिक वारशात झाली. ज्या पायऱ्या चढून मजूर त्या भूमीवर आला, त्या पायऱ्यांवर आता दर २ नोव्हेंबरास फुले वाहिली जातात.

उद्या मॉरिशसचा एखादा पाहुणा आपल्या मुलखात येऊन, चुकीच्या उच्चाराने एखाद्या गावाचे नाव विचारू लागला, तर त्यास हसू नये. त्याच्या पणजोबांचे गाव कारकुनाच्या लेखणीतून उतरून त्याच्यापर्यंत आले आहे. तीर्थावरचा उपाध्याय आपल्यास जो प्रश्न पहिल्याने विचारतो, त्याचेच उत्तर तो बिचारा समुद्र ओलांडून शोधीत आलेला असतो.